अव्वाच्या हाताचं माप

अव्वा,

तुझी लेक आता संशोधक झाली आहे. हसू नकोस. गळ्यात अडकवायची ओळखपट्टी दिली आहे, तिच्यावर माझ्या नावाखाली 'सह-संशोधक' असं छापलं आहे. ते बघून शेजारीण म्हणाली, "मास्तरीणबाई, आता रॉकेट सोडता का काय?" रॉकेट नाही सोडत. तुला होता तोच सांधेवात मला झाला आहे, सहा वर्षं झाली, आणि लातूरच्या ज्या दवाखान्यात मी गोळ्या घेते तिथल्या डॉक्टरीणबाईंनी या आजारावर एक अभ्यास काढला आहे. असे अभ्यास पूर्वीही व्हायचे. त्यात आपण रक्त द्यायचं, बोटं दाबून घ्यायची, सही करायची आणि घरी यायचं. या बाईंचं म्हणणं निराळं आहे. काय मोजायचं, कसं मोजायचं, काय विचारायचं हे ठरवतानाच पेशंटला सोबत टेबलाशी बसवायचं, कारण आजार चोवीस तास ज्याच्या अंगात राहतो त्याला त्याबद्दल जे कळतं ते दहा मिनिटं तपासणाऱ्याला कळत नाही. बाई वयाने माझ्या मुलाएवढ्या असतील. मी म्हटलं, "अहो, मी चौथीला गणित शिकवते. मला यातलं काय कळतंय?" तर म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर तुमचा हात कसा असतो ते तुम्हाला कळतं ना? मला ते कुणीच नीट सांगत नाही." ते ऐकलं आणि मला तू आठवलीस, म्हणून मी हो म्हटलं.

पहिली बैठक नांदेडला होती. लातूरहून सकाळची एसटी पकडली. अहमदपूरच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली तेव्हा मी खाली उतरलेच नाही, माझं सासर तिथलं, कुणीतरी ओळखीचं भेटून 'कुठं निघालात' विचारणार आणि मी काय सांगणार. नांदेडला एका हॉलमध्ये लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला डॉक्टर मंडळी आणि दुसऱ्या बाजूला आम्ही पाच पेशंट. गंमत म्हणजे बाटल्यांची झाकणं आम्हा पाचांपैकी एकालाही उघडता येईनात. माझ्या एका हाताला धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी, दुसऱ्या हाताला अहमदपूरकडच्या खेड्यातल्या एक आजी, नऊवारीतल्या, तोंडाने फटकळ. डॉक्टरीणबाईंनी आजींचा कागद काढून विचारलं, "आजी, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं आम्ही दर महिन्याला विचारतो. तुम्ही दर महिन्याला पाचच का सांगता?" आजी म्हणाल्या, "आता बघा. दहा म्हन्लं म्हंजी मी मेलेच की. आन् शून्य म्हन्लं तर तुमी गोळ्या बंद करताल. मंग पाच बरं हाय." सगळे हसले. व्यापारी म्हणाले, "माझं बी तेच हाय, मॅडम. सौद्यात पहिल्या झटक्याला खरं कोन बोलतंय?" डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत, त्यांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तोंडाने सांगितलेल्या आकड्यावर आपलं भागणार नाही. घरच्या घरी, सकाळी, सूज सगळ्यात जास्त असते तेव्हा हात मोजता यायला हवा. डॉक्टर नाही, मशीन नाही. कसं करायचं, सांगा." व्यापारी आपल्या बोटांकडे बघायला लागले. मी हात टेबलाखाली घेतले. मला उत्तर माहीत होतं, पण ते माझं नव्हतं.

तुझं बांगड्यांचं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. उदगीरच्या बाजारात दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये अंग चोरून उभं असल्यासारखं, पुढे पाट, मागे पडदा, पडद्याआड आपलं स्वयंपाकघर. तू पाटावर बसली आहेस, कपाळाला विभूती, आणि समोरच्या बाईचा हात तू दोन्ही हातांत घेतला आहेस. साबणाचं बोट फिरवतेस, अंगठा तळव्यात दुमडतेस, बाई मराठी असली तर "हात सैल सोड गं" आणि सीमेपलीकडची कानडी असली तर "कै सडिल बिडव्वा", आणि तेवढ्यात बांगडी मनगटात. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा, ही आपल्या धंद्यातली मापं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. चार म्हणजे नाजूक हात, दहा म्हणजे थोराड. तू बाईचं माप विचारायची नाहीस, नुसता हात दाबायचीस. "तुझं माप वाढलंय गं. कितवा महिना?" असं तू एकदा एका नव्या सुनेला विचारलंस आणि ती लाजून पाटावरच खाली बघत बसली, कारण ती गोष्ट तिने अजून नवऱ्यालाही सांगितली नव्हती. सगळ्या बायका बांगड्या भरून झाल्या की तुला वाकून नमस्कार करायच्या. आमचे आप्पा गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर तुझे स्वतःचे हात बांगड्यांवाचून मोकळे झाले, दुकान मात्र तूच चालवलंस. बारा महिने बायकांना तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही, पण लग्नाचा हिरवा चुडा भरायची वेळ आली की तुझ्याकडून बांगड्या न्यायच्या आणि भरायला पलीकडच्या आळीतल्या काकूला बोलवायचं. तू बांगड्या वर्तमानपत्रात बांधून द्यायचीस आणि वर सांगायचीस, "साबन लावा म्हनावं तिला, नुस्त्या पान्यानं भरती." तुला वाईट वाटत असेल असं मला तेव्हा वाटायचंच नाही. रोजचं होतं ते.

मग तुझे हात धरायला लागले. मी शिक्षिकेचा कोर्स संपवून घरी आले होते, नोकरीची वाट बघत होते, स्थळंही बघणं चालू होतं. सकाळी तुझी मूठ उघडायची नाही. चुलीशी बसून तू हात शेकायचीस आणि मला हाक मारायचीस, "जरा भगुलं उतरीव की." महिन्यातून एकदा मी तुला एसटीने लातूरला डॉक्टरांकडे न्यायची. ते वयस्क होते, भले होते, बाहेर ही गर्दी असायची. एका खेपेला त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची एक नवी गोळी सुरू केली आणि सांगितलं, हिचा गुण यायला वेळ लागतो, पोटाला त्रास होईल, बघू. पोटाला त्रास झालाच. गोळी घेतली की दुसरे दिवशी तुला अन्नाचा वास नको व्हायचा. तरी घेत राहिलीस. तू चिवट होतीस, माझ्यासारखी नाकावर राग घेऊन फिरणारी नव्हतीस.

त्या सकाळी मी लवकर उठले आणि पडदा बाजूला सारला. दुकान अजून उघडलं नव्हतं. तू पाटावर बसली होतीस, गिऱ्हाईक बसतं त्या बाजूला, आणि तुझ्या उजव्या हातात एक हिरवी बांगडी होती. भरलेली, मनगटात. आप्पा गेल्यापासून तुझ्या हातात काच मी बघितली नव्हती. मला वाटलं, हिला नटावंसं वाटतंय. परवावर अहमदपूरची माणसं मला बघायला येणार होती, घरात सगळं सोवळ्यात चालल्यासारखं चाललं होतं, आणि माझी आई पडद्याआड चुडा भरून बघते आहे. मी आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. मी दात आवळून म्हटलं, "अव्वा, लाज वाटती का जरा? कुनी बघितलं तर काय सांगायचं मी? आमच्या आईला ह्या वयात हौस आली म्हनून सांगू?" तू माझ्याकडे बघितलंस. मग हात साबणाच्या भांड्यात बुडवलास आणि बांगडी उतरवायला लागलीस. ती येताना अडकली. सुजलेल्या गाठींवरून तू ती इतकी हळू काढलीस की मला तिथे उभं राहवेना. काढून जागेवर ठेवलीस आणि म्हणालीस, "जा, चा टाक." त्यानंतर कधी तुझ्या मनगटात बांगडी दिसली नाही. मी तुला एवढी मोठी झाल्यावर रागावले ती तीच एक वेळ, आणि तू त्याबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाहीस.

तीन आठवड्यांनी आपण लातूरला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "नव्या गोळीने फरक आहे का?" तू म्हणालीस, "काय की. दुखतंय तर हायच." ते माझ्याकडे वळले, मी शिकलेली म्हणून. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "फारसा काही नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग उगाच पोटाला त्रास कशाला द्यायचा." गोळी बंद झाली, दुसरी आली. त्यांची काय चूक? समोर बसलेली दोन माणसं फरक नाही म्हणतात, तर ते काय करणार. येताना बसमध्ये तू खिडकीशी बसलीस आणि उदगीर येईपर्यंत दोन्ही हात पदराखाली ठेवलेस.

माझं लग्न अहमदपूरलाच ठरलं. चुडा भरायला ती पलीकडची काकू आली. तुझ्याच दुकानातल्या, तूच निवडलेल्या बांगड्या, दोन-चार. तिने माझा अंगठा असा मुरगाळला की डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन बांगड्या वाढवल्याच. बायका म्हणाल्या, सासर आठवून रडतीय. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. पाटापर्यंत यायची तुला मुभा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत तुझ्या हातांनी ते झालंही नसतं. पुढच्या चार-पाच वर्षांत तुझी बोटं करंगळीकडे कलली ती तशीच राहिली. बांगडी भरताना गिऱ्हाइकाचा हात निसटायला लागला, मग बायका यायच्या कमी झाल्या, मग तू नुसत्या विकायला लागलीस, मग दुकान भाड्याने दिलंस. माझा मुलगा झाला तेव्हा त्याला तू कोपरांवर घेतलंस, पंजे वर करून, कणकेचे हात झाल्यावर घेतात तसं. आमच्याकडे राहायला ये म्हटलं की म्हणायचीस, "लेकीच्या घरी किती दिस राहावं मानसानं." शेवटी एकटीच गेलीस. शेजारच्या बाईने फोन केला तेव्हा मी शाळेत सहाचा पाढा घेत होते.

तू गेल्यावर घर आवरताना ट्रंकेत पुठ्ठे सापडले. बांगड्यांच्या खोक्यांचे, आतल्या पांढऱ्या बाजूने. त्यावर तुझं अक्षर, मुंग्यांची रांग चढावर थकल्यासारखं: सोम उजवा १० डावा १०. मंगळ उजवा १० डावा ८. असे चार पुठ्ठे. कुठे बाजूला फुली, ती गोळीची. कुठे 'पोट'. तू रोज सकाळी, सूज भरात असताना, एकेका मापाची बांगडी हातावरून उतरवून बघत होतीस. जी सगळ्यात लहान बांगडी गाठींवरून पार व्हायची तो त्या दिवसाचा आकडा. मी ते पुठ्ठे उराशी धरून रडले. मग अहमदपूरला आणले, पुढे लातूरला बदली झाली तेव्हा तिथे आणले, आणि कुणाला दाखवले नाहीत.

आता माझं काय चाललंय ते सांगते. तुझे जावई तीन वर्षांपूर्वी गेले, हार्ट. मुलगा हैदराबादला, रविवारी फोन करतो आणि विचारतो, "आई, गोळ्या घेतेस ना?" मी घेते म्हणते, आणि तो 'बरं' म्हणून फोन ठेवतो. घर दोन खोल्यांचं, पण फार मोठं वाटतं. सकाळी सव्वापाचला जाग येते, मूठ मिटलेली असते, आणि ती उघडेपर्यंत अर्धा-पाऊण तास काहीच करता येत नाही. कडी काढता येत नाही, गॅसचा खटका फिरवता येत नाही. तेवढा वेळ मी पलंगावर बसून असते, आणि घरात बोलायला कुणी नसतं. सुरुवातीला मी रेडिओ लावायची, मग तोही लावायला बोट चालेना. गेल्या वर्षी बाजारातून चारही मापांच्या हिरव्या बांगड्या आणल्या आणि रोज सकाळी तुझ्यासारखं करून बघायला लागले. आज उजवा आठ, डावा आठ. बांगडी मनगटात असते तेव्हा मी पडद्याकडे बघते. खिडकीचा आहे तो, त्याच्या मागे फक्त गज आहेत. रागवायला तरी कुणी यावं असं वाटतं, अव्वा. खोटं नाही सांगत.

तर दुसरी बैठक लातूरला झाली तेव्हा मी पिशवीतून बांगड्या काढून टेबलावर मांडल्या आणि सगळ्यांना दाखवलं. आजींना तर ते इतकं पटलं की त्यांनी लगेच आपल्या हातावर करून बघितलं आणि सुनेला नावं ठेवायच्या आवाजात म्हणाल्या, "आठ बी जाईना. बघा, मी पाच सांगत हुते." व्यापारी बिचकले. "न्हाई जमायचं. बाजारात कळलं तर म्हनतील, ह्यानं हातात बांगड्या भरल्या." मग ठरलं की काचेच्या नकोत, फुटून लागतील, स्टीलच्या करून घ्यायच्या, एकसारख्या मापाच्या, आणि नाव बांगडी नको, कडं म्हणायचं. "कडं म्हना, मंग चालतंय," व्यापारी म्हणाले आणि सगळ्यांत आधी त्यांनीच माप दिलं. आता अभ्यासातल्या प्रत्येक पेशंटला अशा कड्यांचा एक जुडगा मिळतो. लातूर, नांदेडकडच्या कितीतरी घरांत सकाळी माणसं हातावरून कडी उतरवून बघतात आणि वहीत आकडा लिहितात. आजी डॉक्टरांना खडसावून सांगतात, "काल सहा हुतं, आज आठ झालंय, गोळीचं बघा." पाच म्हणायचं त्यांनी सोडलं आहे.

त्याच दिवशी मी तुझे पुठ्ठेही दाखवले. दाखवायला नको होते असं आता वाटतं, पण तेव्हा मला तुझा अभिमान वाटत होता. डॉक्टरीणबाईंनी ते ओळीने मांडले, कागदावर टिंबं काढली आणि जोडत गेल्या. मग म्हणाल्या, "यांना कुणी शिकवलं होतं?" मी म्हटलं, कुणी नाही, बांगड्यांचं दुकान होतं. "सहाव्या आठवड्यापासून रेघ खाली येते आहे, बघा. ही गोळी लागू पडत होती. दुखणं नंतर कमी होतं, सूज आधी उतरते, ते त्यांनी पकडलं होतं." त्यांनी मला सांगितलं की हे काम छापून येईल तेव्हा या मोजणीची सुरुवात कुणी केली ते त्यात लिहायचं आहे, तुझ्या नावासकट. मी तोंडावर पदर धरला. आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, वाकड्या बोटांचा, आणि म्हणाल्या, "रडू नको. माय मोठी हुती तुझी."

मग बाईंनी शेवटच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "इथे थांबल्या. का थांबल्या?" आम्हाला शिकवलेलं आहे, कुणी पेशंट मधेच मोजणं सोडलं तर वहीत एक रकाना असतो, त्यात कारण लिहायचंच. गावी गेला, कंटाळला, घरच्यांनी नको म्हटलं, जे असेल ते. बाई म्हणतात, सगळ्या आकड्यांपेक्षा तो रकाना मोठा, कारण तो रिकामा राहिला तर पुढचं माणूसही तिथेच थांबतं. मी म्हटलं, "माहीत नाही. आजार वाढला असेल." त्या म्हणाल्या, "पण इथे तर कमी होत होता. सूज उतरत असताना माणूस मोजायचं का सोडेल?" मी शिक्षिका आहे, उत्तर येत असून गप्प बसलेली पोरं मी रोज बघते, त्यांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि लिहिलं, 'माहीत नाही.' नंतर घरी येताना मी ठरवलं, पुढच्या वेळी सांगायचं की माझा गैरसमज झाला, मी रागावले, म्हणून ती थांबली. तेवढं मी सांगू शकले असते. नवऱ्याला मी तसंच सांगितलं होतं, मुलालाही. गैरसमज कुणाचाही होतो. सांगून सांगून ते माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की वर तुलाही मी तेच लिहून बसले.

पण तू तिथे होतीस. तुला माहीत आहे की तू नुसती गप्प राहिली नव्हतीस. मी 'लाज वाटती का' म्हटल्यावर तू पाटाखालून पुठ्ठा काढलास आणि माझ्या हातात दिलास. "हौस न्हाई गं बाई. माप घिऊन राहिले. बघ, परवापस्नं सहा जायलंय. गोळी लागू पडली दिसती." मी तो पुठ्ठा वाचला. गणित माझा विषय. दहा, दहा, आठ, आठ, सहा. एका नजरेत कळलं मला, अव्वा, आणि तू इतकी खूश होतीस. मी म्हटलं, "तुला मालूम हाय, मला मालूम हाय. भिंतीपल्याडच्यांना कोन सांगत बसनार? त्यांनी बांगडीच बघितली ना? बंद कर हे." पुठ्ठा मी तुला परत दिला नाही. ट्रंकेत तळाशी मीच टाकला, आणि उरलेले तीनही. सापडले म्हणते ते काही सापडले नव्हते. आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. सहा आकडा माझ्या जिभेवर होता. तो सांगितला असता तर पुढचा प्रश्न आला असता, कसं मोजलं, आणि बाकावर मागे आपल्या गावचे दोघेजण बसले होते, माझं लग्न ठरत होतं. म्हणून मी 'फारसा काही नाही' म्हटलं. तू मला खोटं पाडलं नाहीस. 'दुखतंय तर हायच' म्हणालीस, तेही माझी बाजू सांभाळायला.

मला तुझी माफी मागायची नाही, ती तू तेव्हाच देऊन टाकली असशील, तुझा स्वभावच तसा होता. मला फक्त हे कुणाजवळ तरी बोलायचं होतं आणि बोलायला कुणी नाही. हे कागद मी घडी करून ठेवीन. मुलाच्या हाती लागायला नकोत, म्हणून कदाचित ठेवणारही नाही.

परवा डॉक्टरीणबाई सगळं लिहून पुढे पाठवणार आहेत. तुझं नाव त्यात आहे, शुद्ध लिहिलं आहे, मी तपासून दिलं. रकान्यात 'माहीत नाही' आहे. आज दुपारी मी त्यांना फोन लावला होता. त्यांनी लगेच उचलला, "बोला ना, मॅडम," म्हणाल्या. आणि मी त्यांना संध्याकाळची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर एवढं विचारून फोन ठेवून दिला.